खातेधारक दिवंगत

शनिवार पेठ, पुणे
४ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. नम्रता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकली असशील. फोनवर तू कायम घाईत असतेस आणि मेल करावा तर माझं खातं राहिलेलं नाही, म्हणून पोस्टाचा रस्ता धरला. शनिवारातून हडपसरला पत्र जायला दिल्लीइतकाच वेळ लागतो असं ऐकून आहे.

इकडे सगळं ठीक. तुझ्या दादाचा गुडघा जिना दिसला की दुखतो, एरवी नाही. संस्कृतीचं केळवण येत्या रविवारी करायचं ठरवलंय. ती, अभय आणि त्याची आई येणार आहेत. तुम्ही दोघंही याच. मसालेभात आणि श्रीखंडाचा बेत आहे. भाचीच्या लग्नात मामा-मामीचा मान मोठा, तेव्हा मामीनं निदान जेवण तरी चांगलं घालावं.

आता एक छोटंसं काम. गेल्या आठवड्यात पेटीच्या वर्गाला बसले, टॅब उघडला आणि पडद्यावर आलं, 'आपले खाते अक्षम करण्यात आले आहे.' तुझा दादा म्हणाला, बंद करून चालू कर. केलं. मग म्हणाला, वायफायचं काहीतरी असेल. तेही काढून लावलं. पासवर्ड बदलायला गेले तर तो खातंच ओळखेना. शेवटी 'अधिक माहिती'वर बोट ठेवलं. खातेधारकाचं निधन झाल्याचं कुटुंबीयांनी कळवलं आहे आणि आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत, असं कंपनीचं म्हणणं. मी ते दादाला मोठ्यानं वाचून दाखवलं. तो म्हणाला, 'चष्मा लावून वाच.'

हे खातं मी माझ्या माहेरच्या नावानं उघडलं होतं, पूर्णिमा, आणि पुढे तुमचं आडनाव, खरवंडीकर. आईंचं नावही पूर्णिमाच, तेव्हा कुठेतरी घोळ झाला असावा. आई गेल्यावर मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती बँकेच्या कामासाठी तूच नेल्या होत्यास. त्या कामांत चुकून हेही झालं असेल का, जरा आठवून बघ. ज्यानं अर्ज केला त्यानंच तो मागे घेतला तर खातं लगेच सुरू होतं म्हणे. नाहीतर महिनाअखेरीला आतलं सगळं पुसून टाकणार आहेत. लॉकडाउनपासूनचे माझे सगळे धडे त्यात आहेत, दुसरीकडे कुठेही नाहीत. मुलं वाट बघताहेत.

चूक कोणाच्याही हातून होते. रविवारी आलीस की दोन मिनिटांचं काम आहे.

तुझी
सुनेत्रावहिनी


शनिवार पेठ, पुणे
१४ नोव्हेंबर २०२५

नम्रता,

आशीर्वाद धरून चाल, पुन्हा लिहीत बसत नाही.

तू केळवणाला आली नाहीस. डोकं दुखत होतं असं संस्कृतीनं सांगितलं. त्याच दुखऱ्या डोक्यानं तू दुपारी दादाला फोन केलास आणि तो गॅलरीत जाऊन स्पीकरवर बोलला. गॅलरीला भिंत नाही, हे तो लग्नाआधीपासून विसरत आलाय. तेव्हा मला सगळं ऐकू आलं. 'आईचं नाव वापरून ती पेटी शिकवते. आई जाऊन महिना नाही झाला तर माझ्या फोनवर आलं की पूर्णिमा खरवंडीकर थेट प्रक्षेपण करत आहेत. मला काय वाटलं असेल?' हे तू म्हणालीस. मग दादा म्हणाला, 'जाऊ दे, मी समजावतो तिला.' समजावायला तो अजून आलेला नाही.

म्हणजे चूक नव्हती. मलाही ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आईंनी आयुष्यात बँकेखेरीज कुठलं खातं उघडलं नाही. त्यांना टीव्हीचा रिमोटसुद्धा कोणीतरी हातात द्यावा लागे. टॅबवर बंद करायला त्यांचं काही नव्हतंच. तरी मागच्या पत्रात मी 'चुकून' असं लिहिलं, कारण तुला मागे फिरायला दार उघडं ठेवायचं होतं. तू ते लावून घेतलंस.

आईचं नाव, म्हणालीस. मग आठवण करून देते. मी या घरात आले तेव्हा आई म्हणाल्या, एका घरात दोन पूर्णिमा कशा चालतील? सासूचं नाव तर बदलता येत नाही. मग ताटात तांदूळ पसरले, तुझ्या दादानं अंगठीनं त्यावर 'सुनेत्रा' लिहिलं आणि ते ताट तू धरलं होतंस. नाव तूच शोधलं होतंस, तुझ्या कॉलेजातल्या कोणा मैत्रिणीचं. तुला ते छान वाटलं होतं. मला कोणी विचारलं नाही. पेढे वाटून झाले, आणि माझी आई मला भेटायला आली की दारात अडखळायची, कुठल्या नावानं हाक मारू म्हणून.

हा टॅब घेतला तेव्हा त्यानं पहिला प्रश्न केला, तुमचं नाव काय? मी किती वेळ बसून राहिले. मग लिहिलं. तेव्हापासून नागपूरपासून न्यू जर्सीपर्यंतची पोरं मला पूर्णिमाताई म्हणतात. तुला वाटतं मी आईंचं नाव घेतलं. मी माझं परत घेतलं.

कंपनीशी काय झालं तेही ऐक, तुला करमणूक होईल. आधी त्यांनी कॅमेऱ्यात बघायला सांगितलं. मान डावीकडे वळवा, उजवीकडे वळवा, पापण्या मिटा. हे सगळं केल्यावर मी जिवंत असल्याची त्यांची खात्री पटली. मी पूर्णिमा खरवंडीकर असल्याची पटली नाही. आधार पाठवलं, त्यावर सुनेत्रा. शाळेचा दाखला पाठवला, त्यावर पूर्णिमा वाकनीस. पूर्णिमा खरवंडीकर या नावाचा कंपनीपाशी एकच कागद, आणि तो म्हणजे तू पाठवलेला मृत्यूचा दाखला. राजपत्रात नाव बदलायला टाकलंय, पण ते हातात येईपर्यंत महिना उलटेल. तेव्हा उरलीस तू.

आणि आता खरी बातमी. श्रीखंड वाढताना विहीणबाई म्हणाल्या, 'आमच्याकडे सुनेचं नाव बदलायची पद्धत आहे. गुरुजींनी अक्षरही काढून दिलंय. पण संस्कृतीच्या आईला अजिबात पसंत नाही. फोनवर रडल्या हो. तुमचंही बदललं होतं ना? जड जातं का इतकं?'

मी वाटी हातात घेऊन उभी. संस्कृती ताटाकडे बघत बसलेली. अभय म्हणाला, 'आई, हा विषय आत्ता नको ना प्लीज.' त्या म्हणाल्या, 'का? या अनुभवी आहेत. या म्हणतील तसं करू.'

नंतर ओट्यापाशी संस्कृती म्हणाली, 'मामी, आई म्हणते नाव बदललं तर लग्नच नको. ती जेवत पण नाहीये नीट.'

ऐकलंस? तू जेवत नाहीस. तुझ्या मुलीचं नाव बदलणार म्हणून तुझ्या घशाखाली घास उतरत नाही. माझं बदललं त्या दिवशी तू पंगतीत दोनदा जिलबी मागून घेतली होतीस.

विहीणबाईंना मी उत्तर दिलेलं नाही. पुढच्या रविवारी फोन करते म्हटलंय. 'काही जड जात नाही, सवय होते' एवढं बोललं की झालं. ताट धरायला करवली मिळतेच. दरम्यान तुला एक अर्ज मागे घ्यायचा आहे. टॅबवरचं ते काम किती सोपं आहे, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

तुझी,
कंपनीच्या दफ्तरी कैलासवासी,
वहिनी


शनिवार पेठ, पुणे
१ डिसेंबर २०२५

नम्रता,

रविवार गेला. त्यानंतरचा रविवारही गेला. आज सकाळी टॅब उघडला तर ते दुःखात सहभागी होणंसुद्धा पडद्यावरून गेलेलं. 'या नावाचे कोणतेही खाते आढळले नाही,' एवढंच. धडे गेले. एका धड्यात आई मागून 'आवाज कमी कर गं' म्हणाल्या होत्या, मी तो मुद्दाम पुसला नव्हता. तुझ्या आईचा तो आवाजही तूच घालवलास. तुला ठाऊक नव्हतं, म्हणून सांगून ठेवते.

तुला वाटलं असेल, वहिनी नुसती बोलते. संस्कृतीला मी कडेवर खेळवलंय, तिचं वाईट माझ्या हातून होणार नाही, असा हिशेब तू केला असशील. बरोबर केलास. तिचं वाईट मी करू शकले नाही. त्या रविवारी फोन हातात घेतला, 'सवय होते' हे शब्द तोंडात तयार होते, आणि संस्कृतीचं ते ताटाकडे बघणं डोळ्यांसमोर आलं. माझ्या लग्नात मीही तसंच बघत होते.

म्हणून मी विहीणबाईंना खरं सांगितलं. सवय होत नाही, म्हटलं. नाव बदललं की माणूस कुठल्याच कागदावर पुरता राहत नाही, आणि एक दिवस घरातलंच कोणीतरी त्याला मेलेलं ठरवू शकतं. त्या म्हणाल्या, 'म्हणजे?' मग ताट, तांदूळ, अंगठी, टॅब, दाखला, सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, 'अर्ज कोणी केला?'

इथे मला थांबता आलं असतं. घरातलंच एक माणूस, एवढं म्हणूनही संस्कृतीचं काम झालं असतं. मी तुझं नाव सांगितलं. पूर्ण नाव, माहेरचं आणि सासरचं दोन्ही, म्हणजे घोळ नको.

काल त्यांचा निरोप आला. नाव बदलायचं नाही असं ठरलं. संस्कृती जन्मभर संस्कृतीच राहील. तेव्हा आता जेव जरा नीट.

लग्नाची पत्रिका मिळाली. मामीच्या जागी सौ. सुनेत्रा छापलंय. चालेल, दुसरी छापू नकोस, खर्च होतो. मी येणार आहे. मामा संस्कृतीला बोहल्यावर आणेल आणि मी दिवा घेऊन तिच्या मागे उभी राहीन. समोर अभयच्या मागे विहीणबाई असतील आणि त्या तुझ्याकडे बघत असतील. खूप प्रेमानं वागतील त्या तुझ्याशी. चांगल्या घरची बाई आहे, एक शब्द बोलायची नाही, आज नाही आणि पुढेही नाही. फक्त तुला कळेल की त्यांना माहीत आहे. दिवाळसणाला कळेल, बारशाला कळेल. आणि त्या घरात कोणी 'संस्कृती' अशी हाक मारली, की ते नाव कोणामुळे राहिलं हेही तुला आठवेल.

टॅबवर नवं खातं उघडलंय. पहिला धडा आज संध्याकाळी.

लग्नात भेटूच. सगळ्यांसमोर तुला मला हाक मारावी लागेल. कुठल्या नावानं मारायची, ते ठरवून ये.

पूर्णिमा