पास झालेले तुतीचे पीठ थांबवण्याबाबत

प्रति,
मा. अन्न तपासणी अधिकारी,
तपासणी कार्यालय, पहिला मजला.

विषय: प्रसूतिगृहाला दिलेले अर्जदाराचे स्वतःचेच पीठ आजच्या आज थांबवणेबाबत.

संदर्भ: सदर पीठ ‘खाण्यास योग्य’ असल्याचा आपला दाखला, तसेच आपल्या कार्यालयात मारलेले तीन हेलपाटे.

महोदय,

१. अर्जदार बाई व तिची थोरली जाऊ गच्चीवर तुती वाळवून तिचे पीठ दळतात. ताकदीचे म्हणून प्रसूतिगृहात ते बाळंतिणींना दुधात कालवून देतात.

२. शेवटच्या खेपेला तुती वाळत घालायला चादरी कमी पडल्या. जावेने बियाण्याची रिकामी पोती धुऊन, उलटी करून अंथरली. त्या बियाण्याला कीड मारायचे गुलाबी औषध चोळलेले होते. तुतीच्या जांभळ्या रसात गुलाबी रंग कुणाला दिसणार? गेल्या गुरुवारी पोती पुन्हा भिजत घातली, तेव्हा बादलीतले पाणी गुलाबी झाले. “अगं, मी धुतली होती ना ही?” असे जाऊ म्हणाली. तोवर चाळीस पुड्या प्रसूतिगृहात पोचल्या होत्या.

३. तिथल्या कोठीवाल्या बाई पुड्या परत देत नाहीत. आपला शिक्का असलेला माल आपल्या पत्राशिवाय हलत नाही म्हणे. आपले लिपिक म्हणतात, नमुना पास आहे. तो नमुना चादरीवरच्या तुतीचा होता, हे त्यांना तीनदा सांगितले. “बाई, पास झालेला माल नापास करायचा फॉर्मच नाही आमच्याकडे,” असे ते म्हणाले. शिवाय तक्रार खाणाऱ्याने करायची असते, पीठ करणाऱ्याने नाही. कुणाला त्रास झालाय का? नाही ना? मग झाल्यावर या. हे त्यांनी चहा फुंकत सांगितले. त्यांना लाज वाटली नाही, याचीही नोंद व्हावी.

४. अर्जदार फार घाबरलेली आहे. रस्त्यावर रुग्णवाहिका वाजली की दोघी जावांचे हात जागच्या जागी थांबतात, व ती कुठे वळते ते दोघी ऐकत राहतात.

५. सबब, नियमाला खाणारे माणूस लागते, ते सादर करीत आहे. आज सकाळी आठ वाजता अर्जदाराने त्याच दळणातले पीठ दुधातून खाल्ले. जावेने वाटी ओढली, निम्मे सांडले, म्हणून अर्धीच वाटी गेली. आता अर्जदार तक्रार करण्यास पात्र आहे.

अर्जदार आपल्या दाराबाहेरच्या बाकड्यावर बसलेली आहे. कोठीसाठी पत्र आधी द्यावे, डॉक्टर नंतर बोलवावा.

आपली नम्र,
पीठ करणारी व खाणारी
(सही)
सोमवार, सकाळी नऊ

सोबत:
१. आपलाच दाखला.
२. पोत्याचा तुकडा.
३. गुलाबी पाण्याची बाटली. झाकण उघडू नये.
४. जाऊ, साक्षीदार म्हणून. ती अर्जदाराचा हात सोडत नाही.