वर्गातली परात

बाई,

गेल्या आठवड्यात मुलीच्या शाळेत ‘अ‍ॅक्टिव्हिटी डे’ होता. टेबलांवर थर्माकोलची धरणं, दुकानातून तयार आणलेल्या सौरमाला आणि चकचकीत कागदाचे ज्वालामुखी मांडले होते. त्यांच्यापासून हातभर अंतरावर मुलं शहाण्यासारखी उभी होती, कारण हात लावला असता तर काहीतरी मोडलं असतं. माझ्या मुलीने एका पवनचक्कीकडे बोट नेलं, तेव्हा तिच्या शिक्षिकेने ते हळूच बाजूला केलं. त्या रागावल्या नव्हत्या, घाबरल्या होत्या बिचाऱ्या. घरी येताना मुलीने विचारलं, “बाबा, तुमच्या शाळेत काय असायचं?” मी म्हटलं, “परात.” ती हसली. पुढे काय सांगावं ते मला सुचेना, म्हणून तुम्हालाच लिहायला बसलो.

नाशिक रोडची आपली शाळा, चौथीचा वर्ग. वर पत्रे, खाली बसकरपट्ट्या. मालगाडी जायला लागली की तुम्ही वाक्य अर्ध्यावर थांबवायचात आणि गाडी गेली की तिथूनच पुढे सुरू करायचात. आमच्यातल्या निम्म्यांचे वडील नोटांच्या प्रेसमध्ये, उरलेल्यांचे रेल्वेत नाहीतर बाजारात. कार्यानुभव म्हणजे घोटीव कागदाची फुलं, असं आम्ही तिसरीपर्यंत शिकून आलो होतो. तुम्ही पहिल्याच आठवड्यात सायखेड्याहून, तुमच्या माहेरून, गोदावरीच्या काठची पोतंभर माती आणलीत आणि मैदानात ओतलीत. “नदी करा,” म्हणालात. आम्ही सरळसोट नदी केली, पट्टीने आखल्यासारखी. तुम्ही वरून तांब्याभर पाणी सोडलंत, तर ते आमच्या नदीला विचारेचना, त्याला हवं तिकडे वळलं. आम्ही पुन्हा पुन्हा माती उचलत राहिलो, उतार देत राहिलो. दुपारपर्यंत आमचे गुडघे चिखलाने भरले होते आणि उतार म्हणजे काय, हे पुन्हा कधी पाठ करावं लागलं नाही.

वर्गात तराजू होता, मापायला सुतळीचे वार होते, भिजवलेल्या मटकीची फडकी होती. झेंड्याच्या खांबाची सावली आम्ही खडूने आखायचो आणि मधल्या सुट्टीनंतर ती कुठे सरकली ते शोधायचो. एकदा मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, “बाई, मटकी भिजून दुप्पट झाली.” तुम्ही वर न बघता विचारलंत, “मोजलीस, की नुसती वाटली?” मी मटकीचं फडकं पुन्हा बांधायला लागलो. “मग वाटली असं म्हण. त्यात लाजायचं काही नाही. पण न मोजता झाली म्हणू नकोस.” तुम्ही आवाज चढवला नव्हतात, तरी मला ते आठवडाभर लागून राहिलं. आज कारखान्यात माझ्या हाताखाली पोरं काम करतात. कुणी छातीठोकपणे काही सांगायला लागलं की माझ्या तोंडून तुमचाच प्रश्न निघतो.

आणि शनिवारी परात. सकाळच्या शाळेत शेवटचे दोन तास. व्हरांड्यात कोळशाची शेगडी, शेजारी पाण्याची बादली. शेगडीजवळ फक्त तुम्ही. परातीभोवती मात्र आम्ही सगळे, मुलगे आणि मुली, आळीपाळीने. एक वाटी तांदळाला किती पाणी, वाफ कुठे जाते, भाकरीचे चार भाग केले आणि एक खाल्ला तर उरलं काय. अपूर्णांक मला ज्वारीच्या चवीसकट आठवतात. ज्वारीच्या पिठाला कढत पाणी लागतं, गारढोण पाण्याने ते चिकटून राहत नाही, हे तुम्ही सांगितलं नाहीत. दोन गोळे करायला लावलेत, आणि गार पाण्याचा गोळा थापताना माझ्या हातातच चिरफळला.

चाळीत ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. जिन्यात कुणीतरी बाबांना म्हणालं, “काय हो, चिरंजीव भाकऱ्या थापतात म्हणे!” पुढच्या शनिवारी बाबा वर्गाच्या दारात उभे. माझे दोन्ही हात पिठाने माखलेले.

“बाई, मी याला शाळेत शिकायला पाठवतो.”

“शिकतोच आहे तो. विचारा ना त्याला काहीतरी.”

“काय विचारू?”

“हेच. एवढ्या पिठाला पाणी किती लागतं ते.”

“ते मला कशाला हवंय? घरी याची आई आहे करायला.”

“आहे ना. शंभर वर्षं असू दे,” तुम्ही म्हणालात. “पण भूक यालाही लागतेच की.”

बाबांचा चेहरा लाल झाला. ते वाईट नव्हते, बाई. गावाकडे त्यांचं लहानपण शेणामातीत गेलं होतं. आपल्या पोराच्या हातात फक्त पेन दिसावं, एवढ्यासाठी ते शहरात आले होते, आणि शहरातल्या शाळेने त्याच्या हाताला पीठ लावलं होतं. “याने हात लावायचा नाही,” एवढं बोलून ते निघून गेले.

मला वाटलं, आता माझे शनिवार संपले. तुम्ही मला परातीसमोरच बसवलंत. “वडिलांचा शब्द आहे, हात लावायचा नाही. पण बोलायला कुणी मनाई केलेली नाही. आता तू सांगायचंस आणि बाकीच्यांनी करायचं.” मी हात मागे बांधून बसतो आणि सांगतो. पाणी घाल. थांब, अजून नको. तळव्याने मळ, बोटांनी नाही. एखादी पायरी विसरलो की समोरच्या मुलीची भाकरी फाटते आणि ती माझ्याकडे रागाने बघते. करताना जे कळलं नव्हतं ते मला सांगताना कळू लागलं. शब्द पाळूनही तुम्ही मला एक शनिवार वाया जाऊ दिला नाहीत. तेव्हा मला त्याची नुसती गंमत वाटली होती. त्यामागे केवढं डोकं होतं, ते आता कळतं.

त्याच हिवाळ्यात आईला कावीळ झाली. तिला दवाखान्यात ठेवलं. आत्या थोडे दिवस येऊन गेली, तिलाही तिचं घर होतं. मग खानावळीचा डबा सुरू झाला, त्यावर तेलाचा तवंग. आईला तो वासानेच नको व्हायचा. डॉक्टर म्हणाले, “औषधं मी देतो, पण पोटात अन्न जायला हवं. मऊ भात, मुगाचं वरण, घरचं काहीही आणा.” बाबा मान हलवून ऐकत होते. घरी आल्यावर त्यांनी चपला काढल्या आणि पहिल्यांदाच स्वयंपाकघरात गेले ते पाणी प्यायला नाही.

मी दारात उभा आहे. बाबांनी पातेल्यात तांदूळ घेतलेत, वर जेमतेम पाणी. गॅस मोठा. थोड्या वेळाने करपल्याचा वास. ते पातेलं उतरवतात, दुसऱ्यांदा तांदूळ घेतात, दुसऱ्यांदाही तेच होतं. मग ते ओट्याला पाठ टेकून तसेच उभे राहतात. मी बाबांना रडताना कधी पाहिलं नव्हतं, त्या दिवशीही ते रडले नाहीत. फक्त हातातली पक्कड खाली ठेवायची ते विसरले होते.

“बाबा, पाणी कमी पडतंय.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं.

“मऊ भाताला चौपट लागतं. आणि गॅस बारीक करायचा.”

“तुला कुणी सांगितलं?”

“बाईंनी नाही सांगितलं. आम्ही करून बघितलं.”

मग मी सांगत गेलो आणि ते करत गेले, कारण त्या कामाची मला सवयच झाली होती. मुगाची डाळ धुवायची, हळद चिमूटभर, शिजल्यावर घोटायची. संध्याकाळी डबा घेऊन आम्ही दवाखान्यात गेलो. आईने पहिला घास घेतला, दुसरा घेतला. “कुणी केलं?” तिने विचारलं. बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, “आम्ही दोघांनी.” ती सगळा भात जेवली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, “ज्वारीची भाकरी मिळाली असती तर…”

पुढचा शनिवार तुम्हाला माझ्याइतकाच आठवत असेल. बाबांनी दाराबाहेर चपला काढल्या आणि आत येऊन ते मागच्या पट्टीवर बसले, मांडी घालून, गुडघे समोरच्या मुलाच्या पाठीला लागत होते. वर्गात खसखस पिकली. तुम्ही नुसतं बघितलंत आणि ती थांबली.

“काय काम काढलंत?”

“भाकरी येत नाही,” बाबा म्हणाले. “भात जमला. पण तिला भाकरी खावीशी वाटतेय.”

मला वाटलं, आता तुम्ही मागचं काहीतरी काढणार. तुमच्या जागी दुसरं कुणीही काढलं असतं. तुम्ही बादलीकडे बोट दाखवलंत. “हात धुऊन या. आणि बाह्या वर करा, पीठ उडतं.”

ते परातीपाशी बसले. शेजारच्या मुलीने सरकून त्यांना जागा दिली. पहिली भाकरी त्यांनी थापली ती उचलतानाच फाटली, दुसरी एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पापुद्रा. “घाई करताय,” तुम्ही म्हणालात, आम्हाला म्हणायचात त्याच आवाजात. “आधी मळून होऊ द्या.” मी समोर बसून हात मागे बांधले होते. बाबांनी ते पाहिलं आणि म्हणाले, “अरे, तूही घे की गोळा.” मग आम्ही दोघं थापायला लागलो. तिसरी भाकरी तुम्ही तव्यावर टाकलीत, तिच्यावर पाणी फिरवलंत, उलटलीत आणि निखाऱ्यापाशी उभी केलीत. ती टम्म फुगली. अख्खा वर्ग ओरडला. बाबांनी ती धुतलेल्या रुमालात गुंडाळली आणि सायकलवरून थेट दवाखाना गाठला. कोमट होती अजून, असं आई पुढे कितीतरी वर्षं सगळ्यांना सांगायची.

आई बरी झाली. आज ती थकली आहे, पण आहे. बाबा रविवारी भाकरी करतात, अजूनही, आणि जिन्यातल्या त्या गृहस्थांनाही एकदा त्यांनी जेवायला बोलावलं होतं. मी पुढे शिकायला बाहेरगावी गेलो आणि तिथे असतानाच तुम्ही गेलात. बाबांनी कामावरची पाळी बदलून घेतली आणि सायखेड्याला, तुमच्या माहेरी, नदीकाठी अंत्यविधीला जाऊन आले. मला फोनवर एवढंच म्हणाले, “खूप पोरं आली होती रे. सगळी मोठी झालेली.”

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, तेव्हा जे कुणालाच सांगितलं नाही तेही लिहून टाकतो. ती भाकरी फुगली तेव्हा तुम्ही बाबांना “शाबास!” म्हणालात. तुम्ही हा शब्द फार जपून वापरायचात, आणि वर्षभर मी तो माझ्यासाठी ऐकायला टपून बसलो होतो. मी सगळ्यांच्या बरोबरीने टाळ्या वाजवल्या, बाई, पण मला बाबांचा हेवा वाटला. खरं सांगू का, अजूनही वाटतो.