कानांवरच्या दोन लाल फुल्या

सदर, जबलपूर
७ डिसेंबर १९७१

तीर्थस्वरूप भाऊरावांस,

नीलकंठाचा साष्टांग नमस्कार. (वाकलो की गरगरतं, म्हणून बसल्या बसल्या केला असं समजावं.) सिहोऱ्यास वहिनींची कंबर आता कशी आहे? तुमची बहीण शैलजा ठणठणीत आहे. माझं मात्र विचारू नका.

महिन्यापूर्वी कारखान्यात क्रेनचा आकडा मागून डोक्याला लागला. युद्धाच्या तयारीची घाई, बारा-बारा तासांची पाळी. डोकं चोळलं आणि कामाला लागलो. पण हल्ली ते सारखं ठणकतं, डाव्या हातातून कप सुटतो. आत रक्त साकळलंय का ते बघायला मोठ्या इस्पितळात धाडलं, आणि भाऊराव, तिथल्या प्रकाराने मी अजून हादरलेलो आहे.

माझं काम तुम्हाला ठाऊक आहे. तोफगोळ्याच्या पोटात दिवा घालून बघायचं, हातोडीने ठोकून नाद ऐकायचा. बद्द वाजला की लाल फुली, आणि गोळा भंगारात. अठरा वर्षांत हजारो फुल्या मारल्या (एकाही गोळ्याची तक्रार नाही). तर डॉक्टरांनी आधी माझ्या डोळ्यांत दिवा मारून आत डोकावलं. मग म्हणाले, आता कवटीतून आवाज पाठवू. तो कानाला ऐकूच येत नाही म्हणे (मग ऐकणार कोण?). मेंदूच्या मध्यावर आपटून तो परत येतो आणि यंत्राच्या काचेवर हिरवी रेघ उठते. रक्त साकळलं असेल तर ती मध्यावरून सरकते. इथवर मी सहन केलं. कंपाउंडर विष्णूने कानांच्या वर काहीतरी घासलं, मला वाटलं तेल असेल. आरशात पाहतो तर दोन्हीकडे लाल फुली! तपासणीच्या आधीच! दरदरून घाम फुटला. तडक नळावर जाऊन साबणाने पुसून आलो.

विष्णू अमरावतीकडचा. ओरडलाच, "काहून पुसलं जी? यंत्र कुठं टेकवायचं, त्याची खूण होती ना ते!" पुन्हा पट्टी, पुन्हा मोजमाप. बाहेर येऊन शैलजेला सांगितलं, डोकं पास झालं. साबणाची हकीकत ऐकून ती पायऱ्यांवरच हसत बसली.

आपला,
नीलकंठ

ता. क. पत्र शैलजेने वाचलं. दादासाठी पत्राबरोबरच आवळ्याचा मुरंबा देते म्हणते.

आणखी ता. क. ती बरणी भरायला आत गेली आहे. भाऊराव, रेघ मध्यावर नव्हती. दोन्ही बाजूंनी दोनदा पाहिली. शनिवारी डोकं उघडणार, कागदावर तिची सही लागणार. मी सांगायला तोंड उघडतो आणि फुल्यांचीच गंमत सांगत बसतो. फार भीती वाटते हो. शुक्रवारी पहिल्या मोटारीने या. तिला तुम्हीच सांगा.