भांडा माहेरले, पोर बापले

उधना, सुरत
ता. १७ नोव्हेंबर १९९६

चि. धनश्री हिस आबांचे आशीर्वाद.

नावामागे सौ. लिहावं की नाही, यावरच बराच वेळ गेला. गेल्या उन्हाळ्यात आम्ही पंचांनी तुझा आणि योगराजचा काडीमोड केला, म्हणजे तू आमची सून उरली नाहीस. कोर्ट म्हणतं, नुसती काडी मोडून लग्न मोडत नाही, तसा रिवाज असल्याचं आधी सिद्ध करा. जन्मभर लोकांचे संसार जोडले-तोडले आणि स्वतःच्या सुनेला लिहिताना मायन्यातच अडकलो.

इकडे खुशाल. दिवाळीत बंद असलेले माग परवा सुरू झाले. तुझ्या सासूचे गुडघे थंडीने धरलेत. पूजा दुसरीत आहे. चकलीला तिने हात लावला नाही, मम्मीसारखी नाही म्हणाली. ती आता घरातही गुजरातीच बोलते. तू फक्त कोर्टाच्या आवारात भेटतेस हे तिने ओळखलंय, म्हणून रोज विचारते, "आबा, तारीख क्यारे छे?" सगळं जग तारखांना कंटाळतं, आमची पोर तारखेची वाट बघते.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो.

पूजाचा ताबा कोणाकडे, यावर गेल्या तारखेला मी साक्षीला उभा राहिलो. योगराजच्या वकिलाने पढवलंच होतं. जज्जसाहेबांनी विचारलं, "काका, आ रिवाज क्यारथी चाले छे?" मी शपथेवर सांगितलं, बाप-आज्यापासून. काडी मोडली की आंदणाची भांडी माहेरी जातात आणि मूल बापाकडे राहतं. आमच्यात म्हणच आहे, भांडा माहेरले, पोर बापले. तू समोरच्या बाकावर मान खाली घातलीस. तुला वाटलं असेल, असेल बुवा, जुन्या माणसांना ठाऊक.

अशी म्हण नाही, बाई. ती तुमच्या काडीमोडाच्या बैठकीत, सतरंजीवर बसल्या बसल्या मला सुचली. तुझे वडील भांडी पोत्यात भरत होते, पूजा माझ्या मांडीवर बसून चष्म्याशी खेळत होती, आणि आता ही उठून जाणार हे मला सोसेना. योगराजचा तुझ्यावर हात चालतो हे माहीत असूनही बोललो. पंचांनी माना डोलावल्या आणि मला वर गर्व वाटला, काय बोललो म्हणून! माझ्या सख्ख्या बहिणीचा, सरस्वतीचा काडीमोड झाला तेव्हा ती लेकरांसकट माहेरी आली होती. बैलगाडी मीच हाकली होती.

तरीही मी गप्पच बसलो असतो. पण परवा कडोदऱ्याला बैठकीचं बोलावणं आलं. सुंदरा नावाच्या पोरीचा काडीमोड, अंगावर पिणारं लेकरू. तिथले पंच बाबुराव मलाच समजावू लागले, "छगनभाऊ, आपली जुनी रीत शे. भांडा माहेरले, पोर बापले." लेकराने आईचा पदर मुठीत धरला होता, तो बायकांनी ओढून सोडवला. मी हात जोडले आणि बसमध्ये जाऊन बसलो.

घरी तुझ्या सासूला सांगितलं. ती म्हणाली, "पोरनी माय तोडी तुम्ही, आते जेवन गोड लागस का?" मी ताटावरून उठलो. लाज वाटते, धनश्री. माझ्याच आवाजाची किळस येते.

अजून एक. तुझ्या पाटल्या मोडूनच ही खोली घेतली आणि योगराजच्या नावावर केली. पंचांमध्ये हे मला एकट्याला ठाऊक होतं. भांड्यांचा निवाडा करताना मी पाटल्यांचं नाव काढलं नाही. स्त्रीधन बाईचंच, असं तुझे वकील कोर्टात बोलले तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होतो.

डिसेंबरच्या तारखेला मला पुन्हा साक्षीला बोलावा, असं वकिलांना सांग. रिवाजाचं आणि खोलीचं, दोन्ही खरं सांगेन. खोट्या शपथेची जी शिक्षा होईल ती होवो. योगराजला आज सकाळी हे बोललो. तो म्हणाला, "मंग ऱ्हावानं कोठे ते देखी ल्या." बघू कुठेतरी.

त्याआधी कडोदऱ्याला जाईन. बाबुराव ऐकतील असं वाटत नाही. म्हणतील, म्हातारा सुनेच्या बोलण्यात आला. काल आमच्या गल्लीतही कोणी तरी ती म्हण म्हणत होतं.

पूजाला अजून काही सांगितलेलं नाही. तिला घेऊन गेलीस की कधीमधी भेटायला आण, असं लिहिलं होतं. ती ओळ खोडली. वरची गिचमिड तीच आहे, वाचायचा प्रयत्न करू नकोस.

तुझ्या सासूने पूजाचे फ्रॉक धुऊन घड्या घालायला घेतलेत. मी तिथे थांबू शकत नाही, म्हणून हे ओट्यावर बसून लिहिलं.

तुझ्या लेकीचा आजा,
छगन