गिअरबॉक्समधलं पाणी

आई, पाण्यात चालणारी गाडी तू कधी बघितली नाहीस. मीही गेल्या वर्षापर्यंत बघितली नव्हती. आठ चाकं, वरून उघडी, खाली टबासारखं बूड. रस्त्यावरून येते आणि तशीच नदीत उतरते. चिखलीच्या पुढं इंद्रायणीतली जलपर्णी काढायचं काम एका ठेकेदाराकडं आहे, त्याच्या शेडमध्ये ही गाडी मी सांभाळतो. आठ महिने झाले. हसू नकोस, याआधी मी कुठंच एवढा टिकलो नव्हतो. ट्रकवर क्लीनर झालो, मग मालवणात बोटींची इंजिनं केली, तिथं एक म्हातारा होता जो इंजिनाला कान लावून आधी शिवी द्यायचा आणि मगच पाना मागायचा. पण ते जाऊ दे, सांगायचंय वेगळंच.

मंगळवारी गिअरबॉक्सचं ऑइल बदलायचं होतं. साधं काम आहे. गाडी दहा मिनिटं फिरवून गरम करायची, खालचा बोल्ट काढायचा, जुनं घमेल्यात सोडायचं, नवीन भरायचं. पण घमेल्यात पडलं ते मधासारखं नव्हतं, जास्त दूध घातलेल्या चहासारखं होतं. म्हणजे आत पाणी शिरलेलं. सगळं खोललं, तर शाफ्टवरचं सील गेलेलं. बांगडीएवढी रबराची कडी ती, ऑइल आत ठेवते आणि पाणी बाहेर. नऊ वर्षं तू रोज हेच हातात घेतलंस, म्हणून तुला लिहितोय. तू गेलीस त्याला बारा वर्षं झाली, पण हे दुसऱ्या कुणाला सांगावं असं सुचत नाही.

परभणीहून आलो आणि तू चाकणला त्या सीलच्या कंपनीत चेकिंगला लागलीस, तेव्हापासून हातानं भाकरी उलटायचं सोडलंस. मला ती सकाळ अजून दिसते. तू गॅसपाशी उभी आहेस, कंपनीची बस यायला वीस मिनिटं आहेत, मी दप्तर न भरता बसलोय. शेजारची काकू दारातून म्हणते, "आता काय बाई, मॅडम झाल्या, चिमट्यानं भाकरी उलटत्यात." तू हसतेस, पण हात थांबत नाही. नंतर मला सांगितलंस, बोटाचं टोक भाजलं की सीलच्या कडेवरची बारीक चीर लागत नाही, आणि डोळ्याला तर ती दिसतच नाही.

एकदा कंपनीनं घरच्यांना आत न्यायला परवानगी दिली होती. तुझं टेबल, वर पांढरा उजेड, डावीकडं लाल डबा, शेजारी कात्री. तू सील बोटावरून फिरवायचीस, वाईट निघालं की कात्रीनं कापून लाल डब्यात. मला माझ्या खेळण्यातल्या गाडीला चाक पाहिजे होतं, म्हणून एक न कापलेलं उचलून खिशात घातलं. गेटवर तुला कळलं. तू ते काढून घेतलंस, परत आत जाऊन कापून आलीस, आणि बसमध्ये सगळ्या बायकांसमोर बोललीस, "न कापता सुटलं तर फिरून चांगल्यात येतंय. मग ते कुणाच्या गाडीत बसंल, तुला ठाव हाय का?" मी चिखली येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होतो.

तर मंगळवारी मालकाला बोलावून घमेलं दाखवलं. त्याचं म्हणणं, गाडीच्या कंपनीकडून नवीन सील यायला चार दिवस जातील, जुनंच पुसून बसव, ऑइल स्वच्छ घाल, गाडी उद्या पाण्यात पाहिजे. "तुला ऑइल बदलायला सांगितलं होतं, गाडी उघडायला कुणी सांगितलं?" असंही मला म्हणाला. खोटं नाही सांगत, ते जमलं असतं. दोन-तीन दिवस कुणाला काही कळलं नसतं, आणि पूर्वीचा मी तोवर बॅग उचलून तिसरीकडं गेलो असतो. पण त्या गाडीत जलपर्णी ओढायला एक मावशी बसते. मागच्या आठवड्यात गिअर धरेना म्हणून ती दीड तास त्या काळ्या पाण्याच्या मधोमध अडकली होती. दोरानं ओढून काढल्यावर म्हणाली, पुलावरून लोक फोटो काढत होते, जशी काही मी बदक आहे. सगळे हसले. पण त्या दिवशी ती परत गाडीत बसली नाही.

मी कात्री घेतली आणि मालकासमोर सील कापलं. "भाऊ, आता बसवायला काही राहिलं नाही," म्हणालो. बराच वेळ तो काय काय बोलत होता, मी ऐकून घेतलं. मग दोन तुकडे खिशात घालून पिंपरीला गेलो. पाचव्या दुकानात त्या मापाचं मिळालं. डोळे मिटून बोट फिरवलं, पहिलं परत दिलं, दुसरंही दिलं. दुकानदार म्हणाला, "राव, सील घेताय का भविष्य बघताय?" तिसरं घेतलं. बसवलं, ऑइल भरलं, गाडी फिरवली, काढलं, आत उरलेल्या पाण्यानं तेही गढूळ आलं. परत भरलं, परत काढलं. तिसऱ्यांदा मधासारखं आलं, तेव्हा शेवटचं भरून बोल्ट आवळला.

काल सकाळी मावशी काठावर येऊन उभी राहिली आणि बसू का म्हणाली. मी म्हटलं, आधी मी एकटा जाऊन येतो. मधोमध गेलो, मागं-पुढं केलं, वळवली, तीन फेऱ्या मारल्या. काठावर येऊन ऑइल बघितलं. स्वच्छ होतं. मग ती बसली.

हे जॉबकार्डाच्या मागं लिहितोय, कुठं पाठवायचं नाहीच. पण नदीच्या मधोमध एक गोष्ट आठवली, ती तुला सांगायची राहिली होती. शाळा बुडवून नदीत पोहतोस म्हणून तू मला दोनदा बडवलंस. मी गुपचूप मार खाल्ला, कारण पोहणारा पोरगा म्हणवून घ्यायला बरं वाटायचं. मला पोहता येत नाही, आई. तेव्हाही येत नव्हतं. बाकीची पोरं पाण्यात असायची आणि मी काठावर त्यांचे कपडे सांभाळत बसायचो.