संशयाचा फायदा

३ जून
नोकरी लागली! स्मरणशक्तीच्या प्रयोगशाळेत शब्द वाचून दाखवायचे. निघताना बाबांनी वकिली थाटात बजावलं, पहिल्याच दिवशी फार तोंड चालवू नकोस. अहो बाबा, त्याचाच तर पगार आहे! प्रयोगशाळेच्या बाई हसतमुख. म्हणाल्या, तुझा आवाज खणखणीत आहे, थेट वडिलांसारखा. काचेपलीकडे हेडफोन लावून एक म्हातारा बसतो. त्याला मी वाचून दाखवलं : बादली, लिंबू, धैर्य, न्याय.

११ जून
म्हाताऱ्याला बादली आणि लिंबू आठवलं, बाकीचं साफ पुसलं गेलेलं. बाई म्हणाल्या, वस्तूचं मनात चित्र राहतं. भाववाचक शब्दाला धरून ठेवायला काही नसतं. आज नवे शब्द दिले. पिवळी छत्री, रिबन, ट्रकचं चाक. तो रडू लागला. मी थांबले, तर बाईंनी खुणावलं, वाच. पुढे दया, क्षमा, पश्चात्ताप. या शब्दांखाली त्या हेडफोनमध्ये बारीक घरघर सोडतात. माझ्याही.

१९ जून
म्हातारा माझ्यापुढे हात जोडून काहीतरी मागत होता. शब्दच सापडेना त्याला. छत्री, छत्री, एवढंच. बाईंना विचारलं. छत्री त्यांच्या मुलीची. शाळेसमोर याने दारूच्या नशेत तिच्या अंगावर ट्रक घातला, आणि कोर्टातून सुटला. सोडवणारे वकील माझे बाबा. बाई शांतपणे म्हणाल्या, संशयाचा फायदा मिळाला त्याला, एका भाववाचक शब्दावर माझ्या पोरीचा न्याय गेला. म्हणूनच तुला घेतलं.
मी म्हटलं, नोकरी सोडते. म्हणाल्या, खुशाल सोड, तुझ्या कानांत पुरेशी घरघर गेलीय.

२१ जून
बाबांसमोर उभी राहिले. विचारायचं होतं ते तोंडाशी आलं आणि — घरघर. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात. पाच बोटं. कशाला ठेवला —

२३ जून
बाई घरी आल्या. बाबांना सगळं सांगितलं. म्हणाल्या, आता मागा की पोरीकडे — चहा न घेता गेल्या. आई भिंतीला टेकून. माझ्या छातीत काहीतरी धडधडतं, त्याला — म्हणतात.

२४ जून
बाबा जमिनीवर. गुडघे. चष्मा ओला. एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणतात. ओठ दिसतात, ऐकू येते घरघर. पेला दिला. नको. उशी दिली. नको. टॉवेल — नको. कपाटं उघडली, डबे उघडले. मागतायत ती घरात कुठेच —