दोन कॅमेरे आणि एक पाटी

३ नोव्हेंबर, सोमवार

स्वरयंत्रावरच्या दोन गाठी काढल्या. मोहरीएवढ्या. डॉक्टरांनी बाटलीत घालून दाखवल्या, कौतुकाने. "तीन आठवडे एक अक्षर नाही. कुजबुजसुद्धा नाही — ती तर जास्त वाईट." पाटीवर लिहून विचारलं, आवाज पहिल्यासारखा येईल ना? "बहुतेक," म्हणाले.

पस्तीस वर्षं व्यासपीठावरून मी या एका शब्दाची सालटी काढत आले. पगारवाढ बहुतेक होईल, चौकशी बहुतेक लागेल. आता तोच माझ्या गळ्यात बांधून घरी पाठवलं.

तपासणी चोवीसला. तीसला बेकरी कामगारांची वार्षिक सभा. गेली एकोणीस वर्षं शेवटचं भाषण माझं. यंदा घसा उघडला नाही तर संघटनेचा सेक्रेटरी बोलणार. त्याचं भाषण म्हणजे औषधाच्या बाटलीवरच्या सूचना — सगळं खरं, पण वाचतं कोण?

आणि मला 'तोफ' म्हणतात. गोळे काढलेली तोफ. बागेत ठेवा, पोरं वर चढून बसतील.

५ नोव्हेंबर, बुधवार

मुलीचा फोन. नवऱ्याने मोठ्या आवाजावर लावून माझ्यापुढे धरला. "आईच्या हाताला काहीतरी चाळा द्या बाबा, नाहीतर ती भिंतींना निवेदन देईल. साठीची भेट म्हणून कॅमेरा घेतेय मी. दोन प्रकार काढून ठेवलेत. एक अगदी छोटा, खिशात मावणारा. दुसरा मोठा, मिररलेस म्हणतात तो — त्यातला सुरुवातीचा. आईने फक्त एक निवडायचा."

मी! फोटोंविरुद्ध जाहीर बोललेली बाई. मजुराच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढतात आणि छापताना मजूर कापतात, हे मी किती सभांत सांगितलंय. पाटीवर ठळक लिहिलं — नको.

फोनमधून पाटी दिसत नाही. नवऱ्याने पाटी नीट वाचली. चष्मा वर केला. "आई हो म्हणतेय," म्हणाला.

तेहतीस वर्षांच्या संसारात या माणसाने केलेली पहिली बंडखोरी. आणि मला आक्षेपही नोंदवता आला नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

घ्यायचाच तर अभ्यास करून. तीन दिवसांत कॅमेऱ्यांची चाळीसेक परीक्षणं वाचली. क्रांत्यांचे इतिहास यापेक्षा कमी शब्दांत लिहिले गेलेत.

सार असं. छोटा कॅमेरा साबणाच्या वडीएवढा. लेन्स त्यातच बसवलेली, बदलता येत नाही. लांबचं जवळ आणतो. पण प्रकाश कमी झाला की फोटो दाणेदार होतो, रवा पडल्यासारखा. मिररलेसचा सेन्सर — म्हणजे प्रकाश टिपणारा तुकडा — कितीतरी मोठा. अंधुक खोलीतही चेहरा लख्ख. लेन्स बदलता येते. येते म्हणजे बदलावीच लागते, कारण सोबत मिळते ती म्हणे 'शिकण्यापुरती' असते. 'सुरुवातीचा' या शब्दातली गोम हीच. उंबरठ्यावर उभं करायचं आणि आत यायचे पैसे वेगळे घ्यायचे. हा धंदा मी शिक्षणात पाहिलाय, इस्पितळात पाहिलाय. कॅमेऱ्यात नसेल तर नवल.

तरी खरं सांगायचं तर माझा कल मोठ्याकडे आहे. वस्तू हातात आहे हे लोकांना दिसलं पाहिजे. साबणाची वडी घेऊन कोण पुढारी फिरतं?

९ नोव्हेंबर, रविवार

कॅमेऱ्याच्या दुकानात गेलो. पाटीवर लिहिलं — फरक सांगा. दुकानदाराने पाटी बघितली आणि मला ऐकूही येत नाही असं ठरवून टाकलं. आधी कानाशी येऊन ओरडला, मग माझ्याच हातातली खडूची कांडी घेऊन माझ्याच पाटीवर लिहायला लागला. 'मोठा चांगला.' पुसून, 'छोटाही चांगला.' इतका निर्भीड माणूस मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

नवरा मध्ये पडला. "अहो, तिला ऐकू येतं. उलट जास्तच येतं."

शेवटी ठरलं, दोन्ही कॅमेरे आळीपाळीने तीन-चार दिवस वापरून बघायचे. या आठवड्यात दुकानात एकही शिल्लक नाही; शुक्रवारी मिळतील.

परत येताना नवरा वाटभर बोलत होता. कोपऱ्यावरच्या शिंप्याचं, छापखान्याच्या नव्या मालकाचं. एरवी हा माणूस घरात दिवसाला अकरा वाक्यं बोलतो, त्यातली चार चहाबद्दल.

१२ नोव्हेंबर, बुधवार

वाद घातल्याशिवाय मला कुठलाच निर्णय घेता येत नाही. मुलीचं नाव ठेवतानाही दोन्ही बाजूंनी चार-चार मिनिटं बोलले होते. समोर प्रतिस्पर्धी नसला तर मीच होते. तेव्हा आज दोन भाषणं लिहिली, एक मिररलेसचं, एक छोट्याचं. वाचायला नवरा. घंटेला वाटी-चमचा.

मनातलं माप मिररलेसच्या बाजूने होतं, त्यामुळे ठेवणीतलं सगळं त्याला दिलं. छोट्याची बाजू सेक्रेटरीच्या थाटात उरकली.

मुद्रितशोधक नवऱ्याला भाषण वाचायला देऊ नये. पेन्सिल घेऊन बसला. "इथे तीन विशेषणं आलीत. दोन उडवू?" "हे वाक्य मागच्याच पानावर आहे, फक्त जोर वाढलाय." "इथे टाळ्यांसाठी थांबायचंय का, की स्वल्पविराम चुकून पडलाय?" मान डोलावण्याखेरीज मी काय करणार? साफसफाई होता होता मिररलेसचं भाषण दीड मिनिटात आटोपलं. छोट्याचं होतं तसं राहिलं. त्यात काढण्यासारखं काही नव्हतं म्हणे.

वाटी वाजवली आणि सभा बरखास्त केली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

मिररलेस आला. पट्टा गळ्यात. आरशात पाहिलं, बरी दिसते.

गल्लीत गेले तर वजन लगेच कळलं — कॅमेऱ्याचं नव्हे, माझं. भाजीवालीने पदर सारखा केला. बेकरीतल्या भट्टीवाल्याने हातातलं फावडं भाल्यासारखं उभं धरलं. "ताई, पेपरात येणार का?" सगळे माझ्याकडे बघत होते. पुन्हा व्यासपीठावर चढल्यासारखं वाटलं, भाषण न करता.

१५ नोव्हेंबर, शनिवार

चहाच्या वेळी नवऱ्याने एक गोष्ट सुरू केली. छापखान्यात नवा लागला तेव्हाची. दैनिकात निधनाची बातमी. मजकुराची जबाबदारी याची. वेलांटीपासून वयापर्यंत सगळं तपासलं. फोटो तपासायला कुणी सांगितलंच नव्हतं. फोटो भलत्याचाच लागला — शेजारच्या सत्काराच्या बातमीतल्या माणसाचा. जिवंत. "आणि दुसऱ्या दिवशी सकाळी," तो म्हणाला, "मी टेबलाशी बसलोय, दार उघडलं —"

चेहऱ्यावर तिरपा प्रकाश, चष्मा कपाळावर. मी कॅमेरा डोळ्याला लावला. तो थांबला. चष्मा खाली घेतला, कॉलर नीट केली, ओठ मिटले.

फोटो अप्रतिम आलाय. दाढीचा एकेक केस मोजून घ्यावा. ओळखपत्रावर उत्तम शोभेल.

कॅमेरा खाली ठेवून पाटीवर लिहिलं — दार उघडलं, मग? "राहू दे. काही विशेष नाही," म्हणाला आणि कप विसळायला गेला.

१६ नोव्हेंबर, रविवार

मोठ्या सेन्सरमध्ये सगळं मावतं म्हणे. गोष्ट नाही मावत.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

काल मोठा परत केला, आज छोटा आणला. बटणं इतकी बारीक की एक दाबलं तर तीन दबतात. दिवसभर गळ्यात काहीच नाही, सवय मोडल्यासारखं.

बेकरीत गेले. तळहातात कॅमेरा, कुणाचं लक्षही नाही. अपमानच म्हणायचा. मग कडेला स्टुलावर बसून राहिले. भट्टीवाला पोरीच्या शाळेबद्दल कुणाला तरी सांगत होता. तिला फळ्यावरचं दिसत नाही, चष्मा हवा, आणि बाई तिला मठ्ठ समजतात. एकोणीस वर्षं मी या माणसांची दुःखं सांगतेय. हे माझ्या एकाही भाषणात नव्हतं. कसं असणार? मी येते तेव्हा ते टाळ्या वाजवायला हात मोकळे करून बसतात.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आज शेवट ऐकायचाच म्हणून चहाआधी पाटीवर लिहून ठेवलं — दार उघडलं, पुढे?

तो हसला. "मी ही गोष्ट तुला आधी दोनदा सांगायला घेतली होती. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी आणि मुलगी तापाने आजारी होती त्या रात्री. दोन्ही वेळा दार उघडेपर्यंतच पोचलो."

मग? मी लिहिलं.

"मग तू वृत्तपत्रांच्या बेजबाबदारपणावर बोललीस. चांगलं बोललीस, दोन्ही वेळा."

तक्रार नव्हती त्यात. प्रुफात चूक दिसली की समासात खूण करावी, तेवढंच. मला चाळीस उत्तरं सुचली आणि एकही देता आलं नाही. डॉक्टरांची कृपा.

साबणाची वडी बशीशेजारी पडली होती. पुढे तो सांगायला लागला तशी टेबलावरूनच बटण दाबत गेले. त्याला कळलं नाही, किंवा कळूनही चाललं. "दार उघडलं, तर कालचा मेलेला माणूस. काखेत आमचाच पेपर. काही न बोलता माझ्यासमोरच्या खुर्चीत बसला —" आणि छापखान्याचा निरोप आला, पुरवणीची प्रुफं तातडीने हवीत. गेला.

फोटो बघितले. सात. रवा पडलाय. एकात अर्धं डोकं कापलंय. सगळ्यांत तोंड उघडं, हात हवेत, डोळ्यांत तो मेलेला माणूस. तेहतीस वर्षांत या चेहऱ्याकडे मी बोलणं संपायची वाट बघतच पाहत आले.

२२ नोव्हेंबर, शनिवार

मुलीला संदेश पाठवला — छोटा. "नक्की? मोठ्याचे फोटो कितीतरी चांगले येतात गं." कळवलं, मोठ्यासमोर तुझे बाबा गप्प बसतात. तिला वाटलं मी विनोद करतेय.

नवरा प्रुफांच्या ढिगात. कालपासून मान वर नाही. गोष्ट खुर्चीतच बसून आहे.

२४ नोव्हेंबर, सोमवार

तपासणीला एकटीच गेले. "म्हणा काहीतरी," डॉक्टर म्हणाले. पस्तीस वर्षांची वक्त्री, एक वाक्य सुचेना. शेवटी "बहुतेक" म्हटलं. खणखणीत! नर्सच्या हातातला ट्रे डचमळला. आजपासून बोला, रविवारच्या सभेतही हरकत नाही म्हणाले.

घरी आले. नवऱ्याची पुरवणी हातावेगळी झालेली, चहा टाकलेला. "काय म्हणाले?"

पाटी घेतली. लिहिलं — आणखी चार दिवस बोलायचं नाही. तेवढं पुसून पुन्हा लिहिलं — तो खुर्चीत बसला. मग?